दिनचर्या बदलायची आहे, पण एकदम सगळं टिकत नाही. सुरुवात कुठून करावी?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी.

बैठं काम आहे, दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर जातात. रात्री झोपायला एक वाजतो. सकाळी सातचा गजर दोन-तीनदा स्नूझ होऊन सव्वासात-साडेसातला उठणं होतं, सुट्टीच्या दिवशी मात्र अकरा. दुपारी तीनला डोकं जड होतं म्हणून कॉफी, साडेपाचला आणखी एक. संध्याकाळी विनाकारण चिडचिड. रक्ततपासणी नुकतीच झाली आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर सगळं ठीक.

पाचला उठणं, तासभर व्यायाम, ध्यान, डायरी, गोड बंद असं सगळं एका सोमवारी सुरू केलं की दहा-बारा दिवसांत बारगळतं. यातलं आधी काय धरावं, किती प्रमाणात करावं आणि ते सुटतं कशामुळे? ‘पाणी भरपूर प्या, सकारात्मक राहा’ याच्या पलीकडचं, आकड्यांत सांगता येईल असं काही हवं आहे.

पहाटवारा

आधी उठण्याची वेळ धरा. झोपण्याची नव्हे, उठण्याची. झोप ठरवून येत नाही, उठणं मात्र ठरवता येतं.

झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेचा दाब. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, आणि जितकं साठेल तितके डोळे जड होतात. दुसरं शरीराचं घड्याळ. ते हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या भागात बसलेलं आहे आणि बहुतेकांमध्ये त्याची फेरी २४ तासांहून किंचित लांब असते, म्हणजे रोज जुळवलं नाही तर ते उशिराकडे घसरत जातं. रविवारी अकराला उठलात की रात्री अकरापर्यंत जेमतेम बारा तास जागेपण भरतं. दाब अपुरा, घड्याळही मागे पडलेलं. मग दोनला डोळा लागतो आणि सोमवारचा सातचा गजर अर्ध्या रात्रीत वाजल्यासारखा वाटतो. तुमचा आठवडा इथेच बिघडतोय.

म्हणून सातही दिवस सात वाजता उठा. सुट्टीच्या दिवशी फार तर अर्धा तास सूट. पाचला उठण्याचं तूर्त मनातून काढून टाका. प्रौढांना किमान सात तास झोप लागते, म्हणजे पाचला उठायचं तर दहाच्या आत झोप लागायला हवी, आणि एकला झोपणारं शरीर एका रात्रीत तीन तास मागे येत नाही. पहिले चार-पाच दिवस झोप निभते, दहाव्या दिवशी थकवा जिंकतो. तुमची यादी नेमकी तेव्हाच कोसळते, त्यात इच्छाशक्तीचा दोष शोधू नका.

दुसरं, उठल्यापासून तासाभरात उघड्यावर जा. १५-२० मिनिटं, ढगाळ असेल तर अर्धा तास. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण तो फार तर ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. बाहेर ढग असले तरी काही हजार लक्स मिळतात, स्वच्छ उन्हात ५०,००० च्याही वर. डोळ्याच्या पडद्यात मेलॅनोप्सिन हे उजेड टिपणारं रंगद्रव्य असलेल्या पेशी असतात, त्यांचं मुख्य काम उजेडाची पातळी घड्याळाला कळवणं. त्यांना ही मात्रा खिडकीच्या काचेआडून पुरेशी मिळत नाही. सूर्याकडे टक लावून पाहायचं नाही, नुसतं बाहेर असणं पुरतं.

तिसरं कॉफी. कॅफीन अ‍ॅडेनोसिनच्या मेंदूतल्या जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, फक्त जाणवेनासा होतो. बहुतेकांच्या शरीरातून निम्मं कॅफीन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. साडेपाचच्या कपातलं निम्मं रात्री साडेदहाला शिल्लक असतं. झोप लागलीच तरी ती उथळ लागते, आणि दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा डोकं जड. शेवटचा कप दुपारी दीड-दोनच्या आत घ्या. एकदम बंद मात्र करू नका, एक-दोन दिवसांत डोकं ठणकायला लागतं आणि माणूस वैतागून परत सुरू करतो. आधी साडेपाचचा कप अर्धा करा, तीन दिवसांनी बंद करा, मग तीनचा कप थोडा थोडा अलीकडे आणा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफीन शरीरात आणखी रेंगाळतं, तेही हिशोबात धरा.

रात्री झोपायला तेव्हाच जा जेव्हा डोळे मिटायला लागतात. दमणं वेगळं आणि झोप येणं वेगळं. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, झोप आली की परत या. घड्याळ बघू नका, अंदाज पुरे. अंथरुणात काम, भांडण, व्हिडिओ सगळं बंद. ही पद्धत रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडली आणि निद्रानाशाच्या उपचारांत आजही वापरतात. अंथरूण म्हणजे जागरणाची जागा अशी जी सांगड डोक्यात बसलेली असते, ती याने सुटते. पहिल्या आठवड्यात झोप कमी होईल, तिथेच बरेच जण सोडतात. सोडू नका.

चालता_बोलता

झोपेबद्दल वर सगळं आलंय, मी हालचालीचं सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम. १५० भागिले ७ म्हणजे दिवसाला साधारण २२ मिनिटं. तासभराचं बंधन तुम्ही स्वतःवर घालून घेतलंय, ते कुणीही मागितलेलं नाही.

मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये. गाता येत असेल तर वेग वाढवा. दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागत असेल तर ते जोरदार झालं.

ही २२ मिनिटं शक्यतो जेवणानंतर घ्या. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर प्रत्येकी दहा-बारा मिनिटं. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरची साखरेची उसळी कमी राहते. दुपारच्या जडपणावरही याचा उपयोग होतो. तीनची मरगळ काही प्रमाणात नैसर्गिक आहे, घड्याळच त्या वेळी जरा ढिलं असतं. पण भरपेट जेवून लगेच खुर्चीत बसलं की ती दुप्पट जाणवते.

दहा हजार पावलांचा ध्यास नको. तो आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचं होतं, तिथून तो जगभर पसरला. फायदा त्याच्या बराच आधी सुरू होतो. तुमची आजची सरासरी तीन हजार असेल तर साडेचार हजार ही मोठी उडी आहे.

दर ३०-४५ मिनिटांनी दोन मिनिटं उठा. नुसतं उभं राहू नका, चाला किंवा दहा वेळा टाचा वर-खाली करा. पोटऱ्या पंपासारखं काम करतात, पायांत साचलेलं रक्त वर ढकलतात.

ताकदीचा व्यायाम, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून:

– खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं. खाली बसताना तीन आकडे मोजत हळू बसा.
– जोर. जमिनीवर जमत नसतील तर टेबलाच्या कडेवर, तेही जड जात असेल तर भिंतीवर.
– पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलणं, वर दोन सेकंद थांबणं.
– पुस्तकांनी भरलेली सॅक एका हातात धरून, कमरेत वाकून, कोपर मागे ओढणं. पाठ सरळ, दुसरा हात खुर्चीवर टेकलेला.

प्रत्येकी ८ ते १२ वेळा. पहिल्या आठवड्यात एकच फेरी, दुसऱ्यात दोन. आणखी दोन-तीन वेळा जमेल असं वाटत असतानाच थांबायचं. इथेच लोक चुकतात. पहिल्या दिवशी उत्साहात चार फेऱ्या मारतात, स्नायूंचं दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं, जिना उतरवत नाही आणि आठवडा बुडतो. बारा वेळा सहज जमायला लागलं की मग सॅकमध्ये आणखी एक पुस्तक. दुखणं स्नायूत पसरलेलं, बोथट असेल तर ठीक. सांध्यात टोचणारं, एका जागी असेल तर तो व्यायाम थांबवून दाखवून घ्या.

जोरदार व्यायाम झोपेच्या आधीच्या तासाभरात नको. रात्रीचं साधं चालणं चालेल.

मोजपट्टी

वरच्या दोघांशी सहमत आहे, पण हे सगळं वाचून कोरीपाटी परत एका सोमवारी पंधरा गोष्टी सुरू करतील अशी भीती वाटते. कृपा करून करू नका.

सवय २१ दिवसांत लागते हे विसरा. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी रोज एक साधी गोष्ट स्वतः निवडलेल्या प्रसंगाला जोडून केली. ती आपसूक व्हायला लागण्याचा मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. दहाव्या-बाराव्या दिवशी तुम्हाला सगळं ओढून ताणून करावं लागत होतं, कारण तेव्हा ती सवय झालेलीच नव्हती.

तीन नियम पाळा.

पहिला, वेळेला नव्हे, घटनेला जोडा. ‘संध्याकाळी चालेन’ हे फसतं. ‘जेवलेलं ताट उचलून ठेवलं की चपला घालेन’ हे टिकतं, कारण ताट रोज उचललं जातंच. आधीची क्रिया जितकी ठाम, तितकी नवी सवय ठाम.

दुसरा, किमान मात्रा आधीच ठरवून ठेवा, अगदी वाईट दिवसासाठी. चालण्याची किमान मात्रा तीन मिनिटं, व्यायामाची एक फेरी. त्या दिवशी तेवढं केलं तरी पूर्ण गुण. साखळी मिनिटांची नसते, सुरुवात करण्याची असते.

तिसरा, एक दिवस चुकला तर हिशोब मांडत बसू नका, दुसरा सलग चुकू देऊ नका. राहिलेलं भरून काढायला दुप्पट तर अजिबात करू नका.

क्रम माझ्या मते असा. पहिले दोन आठवडे फक्त सातला उठणं आणि बाहेरचा उजेड. तिसऱ्या आठवड्यापासून कॉफी मागे सरकवणं. पाचव्यापासून जेवणानंतर चालणं. ताकदीचा व्यायाम सातव्यानंतर. नोंद कागदावर, रोज एक फुली. अ‍ॅपमध्ये नोंद करायला गेलं की फोन हातात येतो आणि वीस मिनिटं जातात.

एका मुद्द्यावर पहाटवारांशी मतभेद आहे. आठवडाभर सहा तास झोपणाऱ्याला सुट्टीच्या दिवशीही सातला उठवणं म्हणजे झोपेची उधारी वाढवणं नाही का? सुरुवातीला तरी नऊपर्यंत सूट असावी.

पहाटवारा

मोजपट्टी, उधारी खरी आहे, पण ती सकाळी फेडली की घड्याळ सरकतं. आदल्या रात्री अर्धा-पाऊण तास लवकर झोप, किंवा दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी. गजर लावूनच. तीस-चाळीस मिनिटांवर गेली की गाढ झोपेतून उठावं लागतं, डोकं तासभर सुन्न राहतं आणि रात्रीचा दाबही त्यात खर्च होतो. ज्यांना रात्री झोपच लागत नाही त्यांनी मात्र डुलकी टाळावी. तरीही पहिल्या दोन रविवारी कुणी आठपर्यंत झोपलं तर मी अडवणार नाही. नऊ जरा जास्त होतात.

क्रमात एकच बदल सुचवतो. कॉफी पहिल्या आठवड्यातच घ्या. त्यात काही नवं करायचं नाही, एक गोष्ट फक्त कमी करायची आहे.

कोरीपाटी

खूप आभार, इतकं नेमकं उत्तर अपेक्षित नव्हतं. दोन शंका. अंथरुणावर पडलं की उद्याच्या कामांची यादी डोक्यात फिरते, ती कशी थांबवायची? आणि ध्यानाला डोळे मिटून बसलं की शांत वाटण्याऐवजी अस्वस्थता वाढते, छातीत धडधड जाणवते. पद्धत चुकतेय का?

शांतपट

विचार थांबवायला जाऊ नका, जितकं दाबाल तितके ते उसळतात. त्यांना दिवसात दुसरी जागा द्या.

संध्याकाळी, झोपण्याच्या किमान दोन तास आधी, पंधरा मिनिटं ठरवा. रोज तीच वेळ, तीच खुर्ची, पण अंथरूण नाही. कागदावर दोन रकाने. डावीकडे जे सतावतंय ते एका ओळीत. उजवीकडे त्यावरचं पुढचं अगदी लहान पाऊल: कुणाला फोन, कोणती फाइल, किती वाजता. ज्यावर तुमच्या हातात काहीच नाही तिथे ‘आज काही करण्यासारखं नाही’ असं स्पष्ट लिहा. रिकामं सोडू नका, रिकामा रकाना रात्री परत येतो. पंधरा मिनिटं संपली की कागद घडी करून बंद. दिवसभरात काळजी उगवली की दोन शब्द टिपून ठेवा आणि तिला संध्याकाळची वेळ द्या. चिंतेवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ही पद्धत १९८० च्या दशकापासून वापरत आले आहेत. दोन-तीन आठवडे नेटाने केली तर फरक कळतो.

उद्याच्या कामांसाठी झोपण्याआधी पाच मिनिटं वेगळी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात निम्म्या लोकांना झोपताना पुढच्या कामांची यादी लिहायला सांगितली, उरलेल्यांना झालेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी बारीक तितकी झोप लवकर. ‘अहवाल’ असं लिहू नका, ‘अहवालातला दुसरा तक्ता दुरुस्त करून दहापर्यंत पाठवणं’ असं लिहा. लक्षात ठेवायचं ओझं कागदाने घेतलं की डोकं ते सोडतं.

आता ध्यान. अस्वस्थ वाटणं म्हणजे तुम्ही नापास झालात असं नाही. दिवसभर तणावात असलेल्या माणसाने डोळे मिटले की बाहेरचे आवाज जातात आणि आतली धडधड मोठी ऐकू येते. अशांनी डोळे उघडे ठेवून, नजर दोन-तीन मीटरवर जमिनीकडे टेकवून सुरुवात करावी. लक्ष श्वासावर नको, तळव्यांवर ठेवा. जमीन कुठे टेकते, गार आहे की कोमट. तीन मिनिटं पुरे. त्यानेही अस्वस्थता वाढत असेल तर बसून ध्यान सोडा आणि सावकाश चालताना पावलांवर लक्ष द्या.

संथ श्वास जमला तर उत्तम. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं. नाकाने घ्यावा, पोट हलावं, खांदे नाही. उच्छ्वासाच्या वेळी मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून बाहेर सोडणं लांब ठेवायचं. बहुतेकांची चूक एकच: संथ ऐवजी खोल श्वास घेतात. छाती ताणून भरपूर हवा घेतली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग चक्कर, बोटांना मुंग्या आणि धडधड. तुमच्या बाबतीत हेही होत असेल. श्वास नेहमीपेक्षा मोठा नको, फक्त हळू. चार-सहा जड गेलं तर तीन-चारने सुरू करा. आणि पहिला सराव अस्वस्थ असताना करू नका. बरं वाटत असताना रोज केलात तरच गरजेच्या वेळी तो कामी येतो.

चिडचिडीबद्दल एक. काम संपून घरच्यांशी बोलायला लागण्याच्या मध्ये दहा मिनिटांचा पूल ठेवा. कपडे बदलणं, तोंड धुणं, एक चक्कर. मेंदू कामातून बाहेर पडायच्या आतच माणसं समोर येतात, आणि राग त्यांच्यावर निघतो. आठवड्यातून दोनदा जिव्हाळ्याच्या माणसाशी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोला. नुसते मेसेज नकोत. एकटेपणा हळूहळू साचतो आणि चिडचिडीच्या रूपात दिसतो, तो ओळखायला वेळ लागतो.

तपासनीस

थोडक्यात, पण महत्त्वाचं. काही गोष्टी सवयींनी सुटत नाहीत आणि रक्ततपासणीत दिसतही नाहीत.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडल्याचं घरच्यांनी पाहिलेलं असणं, सकाळी डोकं दुखणं, आठ तास झोपूनही दिवसा पेंग: हे झोपेतला श्वसनरोध असू शकतो. त्याची झोपेची वेगळी तपासणी असते. तोवर पेंग येत असताना गाडी चालवू नका. रात्री पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर फेरिटिन तपासायला सांगा, हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने झोप बिघडलेली असेल तर निद्रानाशासाठीची संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धती (झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारे उपचार) हा पहिला उपाय, गोळ्या नंतर. मनाने झोपेची गोळी सुरू करू नका. दारूने झोप लागते असं वाटतं, पण रात्रीचा उत्तरार्ध ती तोडून टाकते.

दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटणं, आवडत्या गोष्टीतही रस नसणं, भूक आणि झोप दोन्ही बदलणं असं असेल तर दिनचर्येचे प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी, आणि एकटं राहू नका. चालताना छातीत दाब, विश्रांती घेतली की बरं, हेही लगेच दाखवण्यासारखं.

कोरीपाटी

घोरणं वगैरे नाही, पण विचारून घेतो घरी. उद्यापासूनचा बेत: सातला उठणं, दात घासून झाले की वीस मिनिटं बाहेर, साडेपाचची कॉफी अर्धी, फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. बाकी काही नाही. यात काही सुटतंय का?

मोजपट्टी

एकच. फोन बाहेर गेला म्हणजे गजरही बाहेर गेला. साधं गजराचं घड्याळ आणा, आणि ते उशाशी न ठेवता बंद करायला चार पावलं चालावं लागेल असं ठेवा. तोंड भिंतीकडे, म्हणजे रात्री जाग आली तरी वेळ दिसणार नाही. बाहेर जायच्या चपला आणि कपडे आजच रात्री दाराशी काढून ठेवा. दोन आठवड्यांनी फुल्यांचा कागद घेऊन इथेच लिहा, मग चालण्याचं बघू.